जाळीदार वेल्डिंग

निवृत्त माणसाने काय करू नये याची यादी कुणी केली, तर वेल्डिंगचं मशीन विकत घेणं तिच्यात पहिल्या पाचांत येईल. मी तेच केलं. हायस्कुलात तेहतीस वर्षं विज्ञान शिकवल्यामुळे आपल्याला विज्ञान येतं असा माझा गैरसमज झाला होता. तो दूर व्हायला एप्रिल आणि मे असे दोन महिने लागले.

मशीन घेण्याला कारण होतं. आमचं घर कट्टा गावाच्या जरा अलीकडे, रस्त्यापासून उंचावर आहे. रस्त्यावरून वर यायला चिऱ्याच्या अकरा पायऱ्या. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं. गेल्या श्रावणात बायको सहाव्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मी आत पेपर वाचत होतो. तिची हाक मला ऐकू आली होती, पण मला वाटलं शेजाऱ्याच्या कोंबड्या हाकलते आहे, म्हणून मी हातातला अग्रलेख संपवला आणि मग उठलो. तो अग्रलेख कशावर होता ते आज आठवत नाही. मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून ती पावसात बसली होती, तेवढं आठवतं. त्याची मला अजून लाज वाटते.

हाड जुळलं, पण तिच्या मनात भीती बसली. त्यानंतर ती पायऱ्या एकटी उतरली नाही. आणि उतरायला तर रोजच हवं, कारण आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. रेंज खाली रस्त्याच्या कडेला, फणसाखाली. लेक आमची पुण्याला असते. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही, म्हणजे माझ्यासमोर कुणी काढत नाही. पूर्वी मायलेकी रोज संध्याकाळी तासभर बोलायच्या, बायको फणसाखालच्या दगडी गडग्यावर बसून. पडल्यानंतर मी तिचा हात धरून खाली न्यायचो आणि बाजूला उभा राहायचो. मी उभा असलो की दोघी हवामानावर बोलायच्या. पुण्यात ढग आहेत, इथे उकाडा आहे, संपलं. चार दिवसांनी बायकोच म्हणायला लागली, "तुमीच जावा आणि इचारून येवा."

मग मी जाऊन विचारून यायचो.

"काय म्हणता?" ती पडवीतून लेकीबद्दल विचारायची.

"बरी आसा म्हणता."

"आणि काय?"

"आणि काय? बरी आसा!"

माझ्या मते हा निरोप परिपूर्ण होता. बायकोच्या चेहऱ्यावर तसं दिसत नसे. एक दिवस ती म्हणाली, "अवो, माका त्या पायऱ्यांक रेलिंग घालून देवा. माका कोणाचो हात नको."

कट्ट्यात ग्रिल आणि गेट बनवणारा एक कारागीर आहे. माप घेऊन गेला, चहा पिऊन गेला, आणि जाताना म्हणाला, "फुडल्या बुधवारी येतंय, मास्तर." हे दिवाळीत. शिमगा झाला तरी त्याचा बुधवार उजाडला नाही. प्रत्येक वेळी फोन केला की तो न चुकता उचलायचा आणि न चुकता पुढचा बुधवार सांगायचा. इतका नियमित माणूस मी शाळेत असताना एकही पाहिला नव्हता. बायको बुधवार मोजायची. "तेवीस झाले," ती एकदा म्हणाली, आणि त्याच आठवड्यात मी मशीन आणलं.

हे मशीन वायरवालं. गन दाबली की वायर आपोआप पुढे सरकते, आणि तिच्याभोवती सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सुटतो. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून हा गॅस. हवा लागली की लोखंडात भोकं पडतात. पातळ पाइप जोडायला हे सोपं, नवशिक्यालाही जमतं, असं विकणाऱ्याने सांगितलं. विकणारे सगळं नवशिक्यालाच सांगतात. शेजारचा काजूवाला मशीन पडवीत ठेवलेलं बघून म्हणाला, "मास्तर, पंप घेतलात?"

खरं सांगायचं तर पहिले दोन खांब सुरेख झाले. मी स्वतःवर इतका खूश झालो की सिलिंडरचा कॉक बंद न करताच वेंगुर्ल्याला लग्नाला गेलो. दोन दिवसांनी आलो तर सिलिंडर रिकामा. तो भरायला कुडाळला नेला. रेग्युलेटरही काढून बरोबर नेला, बसतो की नाही ते तिथेच पडताळायला. गॅसची नळी तेवढी मशीनला लोंबकळत राहिली, एक टोक उघडं. गॅसवाल्याने सिलिंडर ठेवून घेतला आणि कुडाळच्या ऑफिसी मराठीत सांगितलं, "सर, उद्या नक्की." तो उद्या बारा दिवसांनी आला. आमच्या जिल्ह्यात बुधवार आणि उद्या यांचं नातं फार जवळचं असावं.

बारा दिवसांनी सगळं जोडलं. रेग्युलेटरचा काटा बारावर ठेवला, म्हणजे मिनिटाला बारा लिटर, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. गन दाबली. ठिणग्या उडाल्या, चर्रर्र झालं, तोंडावरची काच वर केली आणि पाहिलं तर जोडावर भोकंच भोकं. बायको शेजारीच खुर्चीत बसून काजूगर निवडत होती. तिने मान पुढे करून बघितलं.

"घावणे बरे जाळीदार झाले," ती म्हणाली.

तिचं निरीक्षण अचूक होतं. तांदळाचं घावन तव्यावर टाकल्यावर जशी जाळी पडते, तशीच. घावनाला जाळी पडली तर गृहिणीचं कौतुक होतं. मी तो तुकडा चिमट्यात धरून हातोडीचा एक फटका मारला आणि जोड काडकन तुटला. ज्या पायऱ्यांवर हात धरायला काही नव्हतं, तिथे ती निदान जपून तरी उतरली असती. पण हातात धरलेलं रेलिंगच तुटलं तर ती थेट रस्त्यावर जाणार, आणि तिला तिथे पोचवणारा मी असणार.

मग तपास सुरू झाला. व्हिडिओ बघायला मला फणसाखाली जावं लागे. गडग्यावर बसून मी रोज एका गोऱ्या माणसाचं प्रवचन ऐकायचो. तो जाड जाकीट घालून, दारं-खिडक्या बंद करून वेल्डिंग करत होता. मे महिन्यात आमच्याकडे जाकीट घालून दारं बंद केली तर वेल्डिंग राहील बाजूला, माणसालाच उचलून न्यावं लागेल. तो सांगायचा ती कारणं मी पाठ करून अकरा पायऱ्या चढायचो आणि वर येईपर्यंत निम्मी विसरायचो.

पहिलं कारण वारा. वाऱ्याने गॅस उडून जातो. बायकोला हे एकदम पटलं. "वारोच तो. तुमका सांगतंय, दुसरा काय नाय. दुपारचो खारो वारो किती सुटता बघा!" विज्ञानाच्या बाबतीत आमचं एकमत होण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ. मी आनंदाने पडवीच्या दोन बाजूंना माडाची झापं बांधली. सुकलेली झापं, आणि पलीकडे ठिणग्या. ज्वलनाला काय काय लागतं हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी तीन मुद्द्यांत शिकवत असे. तिन्ही मुद्दे एका ठिणगीत जमून आले. शेजाऱ्याने गडग्यावरून उडी मारून बादली ओतली आणि विचारलं, "मास्तर, आज घावणे की भाकरे?" झापं जळाली, जोडावरची भोकं कायम राहिली.

दुसरं कारण गॅस. "भेसळीचो आसतलो," बायको म्हणाली. "कुडाळाक नेवन दाखवा तेका." मी सिलिंडर रिक्षात घालून परत कुडाळला. या खेपेला रेग्युलेटर सिलिंडरवरच होता. गॅसवाल्याने सिलिंडरकडे बघितलंसुद्धा नाही. "सर, गॅस एकदम शुद्ध आहे. तुमचा हात बसलेला नाही." म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याने मला ऑफिसी भाषेत सांगितलं. येताना रिक्षावाल्यानेही दोन सूचना केल्या. वेल्डिंग न येणारा माणूस जिल्ह्यात मी एकटाच आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

तिसरं कारण गळती. साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना लावला. कुठेच बुडबुडा नाही. मी नळीला हात लावला तशी बायको म्हणाली, "ती नळी हालवू नकात. बुडबुडो इलो नाय मगे बरी आसा ती. तुमच्या गनचाच कायतरी आसतला." इतकी तर्कशुद्ध विचारसरणी माझ्या एकाही विद्यार्थ्याने दाखवली नव्हती. मी नळी सोडली आणि गनच्या मागे लागलो. नोझल खरवडलं, आतली बारीक भोकं पिनेने साफ केली, टोकाचा भाग नवा घातला. पुन्हा घावन. काटा बारावरून पंधरावर नेला, अठरावर नेला, वीसवर नेला. काटा बिचारा सांगेल तिथे जाऊन उभा राहायचा. गॅस व्यवस्थित जातो आहे याचा त्याच्याइतका भरवसा जगात कुणालाच नव्हता.

आता मागे वळून बघताना काही गोष्टी माझ्या लक्षात यायला हव्या होत्या असं वाटतं. एक म्हणजे, तेवीस बुधवार मोजणारी बाई अचानक म्हणायला लागली होती, "घाई कित्याक करतास? पावसाक अजून वेळ आसा." दुसरं म्हणजे, घरातला कोपरा न् कोपरा झाडणाऱ्या तिने मशीनचा कोपरा झाडणं सोडलं होतं. मला वाटलं, नवऱ्याच्या कामाबद्दल तिला शेवटी आदर निर्माण झाला. आणि तिसरं म्हणजे, काजूगर निवडायची तिची खुर्ची रोज त्याच जागी असायची, नळीपासून हातभर अंतरावर. बाई अख्खा खटला साक्षीदाराच्या खुर्चीत बसून ऐकत होती, आणि मी तिचीच साक्ष घेत नव्हतो.

मेची वीस तारीख उलटली. समुद्राच्या बाजूला ढग दिसायला लागले. मला रोज सहावी पायरी दिसायची. एका सकाळी मी ठरवलं की गोरा माणूस, गॅसवाला आणि बायको या तिन्ही तज्ज्ञांना बाजूला ठेवून नववीच्या मुलाला सांगतो तसं करायचं, एका टोकापासून सुरुवात. वायर बंद ठेवून गन दाबली आणि नोझलला प्लास्टिकची पिशवी लावली. मिनिटभराने पिशवीत जेमतेम फुंकरभर गॅस. काटा बारावर. म्हणजे काटा सांगत होता तो मागून लावलेला जोर; पुढे काय पोचतं हे त्याला माहीत नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. मशीनच्या बाजूने नळी सोडवली तर तिच्यातूनही तेवढीच फुंकर. रेग्युलेटरच्या बाजूने सोडवली, तर गॅस भस्सकन तोंडावर आला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आड काठोकाठ भरलेला आणि पोहरा कोरडा, म्हणजे दोष मधल्या दोरीत.

कॉक बंद केला, नळी उन्हाकडे धरून आत पाहिलं. दोन बोटं आत, माती. सुकून तडकलेली, म्हणून एवढासा गॅस तरी फटीतून जात होता. काखेत कळसा आणि कुडाळाला वळसा. मी विजयी मुद्रेने छत्रीची काडी शोधून आणली आणि नळीत घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवो, थांबा! काडी घालू नकात."

बायको खुर्चीतून उठून आली होती, मांडीवरचे काजूगर सगळे जमिनीवर.

"थय कुंभारीण आसा," ती म्हणाली.

कुंभारीण म्हणजे मातीची घरं बांधणारी गांधीलमाशी. दाराची फट, कुलपाचं भोक, पुस्तकाची पाठ, तिला कुठलीही जागा चालते. आणि आमच्याकडे असं मानतात की कुंभारणीने घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. म्हणून ते कुणी मोडत नाही. एखाद्याच्या कपाटाचं कुलूप बंद झालं तर तो महिनाभर कपाट उघडत नाही, पण माती काढत नाही.

"तुका कसा म्हायत?" मी विचारलं.

"तुमी पयल्यांदा सिलिंडर घेवन कुडाळाक गेलात, त्या दिसापासून ती ये-जा करी होती. तोंडात माती घेवन. माका बसल्या जाग्यावरसून दिसा."

"आणि माका सांगलंस नाय?"

"सांगलंय आसता तर तुमी मोडलात आसता."

मोडलंच असतं. पण मला राग आला, आणि मी तो दाबला नाही. "अगो, ह्या रेलिंग कोणाचा? माझा? पावस इलो तोंडार! तू परत पडलंस तर?"

"मी घरात बसान ऱ्हवतलंय," ती म्हणाली. "माझा काय अडला हा? चेडवाच्या लग्नाक सात वर्सां झाली. होतला तर होतला, नाय तर नाय. पण आपल्या हातान मोडूचा नाय."

या विषयावर माझ्याकडे तयार व्याख्यान होतं. कुंभारीण भोकात कोळी आणून ठेवते, त्यावर अंडं घालते, वरून माती लिंपते, अळी ते कोळी खाऊन मोठी होते, आणि याचा कुणाच्याही पाळण्याशी काडीइतका संबंध नाही. तेहतीस वर्षं मी हे दरवर्षी ऐकवलं, आणि शेवटी 'प्रश्न आहेत का कुणाला?' असंही विचारलं. त्या सकाळी यातला एक शब्द माझ्या तोंडून बाहेर आला नाही. रेलिंग झालं असतं तर ती एकटी फणसाखाली जाऊन लेकीशी बोलली असती, दुसरं तिला काही नको होतं. आणि लेकीसाठीच ती दीड महिना वर बसून माझं 'बरी आसा म्हणता' ऐकत राहिली होती. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खाली बसून काजूगर गोळा करायला लागलो.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. महिनाभर मी त्या नळीत कार्बन डायऑक्साइड भरत होतो. आत कुणी जिवंत असण्याची आशा नव्हती, निदान माझ्या विज्ञानाप्रमाणे.

दुपारच्या एसटीने कुडाळला जाऊन नवी नळी आणली. गॅसवाला म्हणाला, "सर, मी म्हटलंच होतं, गॅस शुद्ध आहे." मी त्याला नमस्कार केला. जुनी नळी पडवीतल्या खिळ्याला अडकवली, मातीचं टोक वर करून. नव्या नळीने पहिल्याच फटक्यात जोड सरळ आला, भोक नाही की काही नाही. हातोडीने दहा वेळा हाणला. तुटला नाही. मिरगाच्या आदल्या दिवशी रेलिंग पायऱ्यांना बसलं. शेजाऱ्याने ते दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, स्वतः लोंबकळून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, आता बुधवारवाल्याक सांगा, येव नको म्हणान." तो त्यानंतरच्या बुधवारी खरंच आला. चहा पिऊन गेला.

जूनच्या मध्यावर एकदा नळी बघितली तर मातीला गोल भोक पडलेलं होतं, आतून बाहेर. माझ्या विज्ञानाला न विचारता कुणीतरी उडून गेलं होतं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिने बघितलं, हात जोडले आणि स्वयंपाकघरात गेली. पुस्तकाप्रमाणे आता ते घर रिकामं, नळी फेकून द्यायला हरकत नाही. ती अजून खिळ्यावरच आहे. कुणी विचारलं तर मी म्हणतो, स्पेअर आसा.

आता रोज संध्याकाळी बायको फोन घेऊन एकटी खाली जाते. डावा हात रेलिंगवर, सहाव्या पायरीवर जरा थांबते, मग पुढे. मी पडवीत बसून बघतो. फणसाखाली तासभर बोलणं चालतं. कधी ती हसते, कधी पदर डोळ्यांना लावते, वरून मला एक शब्द ऐकू येत नाही. परवा ती बराच वेळ बोलत बसली, आणि परत येताना मधेच रेलिंग दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी उठून पायऱ्यांपर्यंत गेलो.

"काय म्हणता?" मी विचारलं.

ती वर आली, माझ्या बाजूने पडवीत गेली, खिळ्यावरच्या नळीकडे एकदा बघितलं.

"बरी आसा म्हणता," ती म्हणाली.